नाव ज्याचं, त्याच्यापाशी

(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रत्येकानं आपापल्या कामाविषयी वीस मिनिटं बोलायचं, असं संयोजकांनी ठरवलं. आपल्या वर्गात डॉक्टर आहेत, शेती करणारे आहेत, बँकेतले आहेत, शिक्षिका आहेत. ही कामं काय असतात ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी एडिटिंग करते म्हटलं की निम्म्या लोकांना मी वर्तमानपत्रात आहे असं वाटतं आणि उरलेले लग्नाच्या शूटिंगचे दर विचारतात. म्हणून आधीच सांगते. मी व्हिडिओ एडिटर आहे. कुणीतरी चित्रण करून आणतं. त्यातलं काय ठेवायचं, काय काढायचं, कशाला कशाच्या पुढे जोडायचं आणि चित्रावर काय लिहायचं, हे काम मी पडद्यासमोर बसून करते.

आज यातल्या शेवटच्याच गोष्टीबद्दल बोलणार आहे. हलणाऱ्या माणसाबरोबर त्याचं नाव कसं हलवायचं, एवढीच ती गोष्ट. आमच्या धंद्यात याला मोशन ट्रॅकिंग म्हणतात. मराठीत सांगायचं तर माग काढणं. हाच विषय निवडायला कारण आहे. आज रात्री जेवणानंतर आपण आपल्या दहावीच्या वर्षाच्या गॅदरिंगची कॅसेट बघणार आहोत. तिच्यावर सगळ्यांची नावं घालून एक प्रत शाळेला द्यायची, असं आपल्या ग्रुपवर ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. मी ते आनंदानं घेतलंय. पण त्यातला अर्धा भाग यंत्र करतं, थोडा मी करते, आणि उरलेला तुम्हीच करू शकता. तो उरलेला भाग कुठला, हे कळावं म्हणून हे भाषण.

बातम्या बघताना बोलणाऱ्या माणसाच्या खाली नावाची पट्टी येते, ती तुम्ही रोज पाहता. आमच्याकडे तिला ॲस्टन म्हणतात. एक माणूस खुर्चीत बसून बोलत असेल तर ही पट्टी पुरते. नाव खाली आहे, माणूस एकच आहे, घोटाळा होण्याचं कारण नाही. पण पडद्यावर चोवीस मुलंमुली लेझीम खेळत असतील तर? पट्टीवर चोवीस नावं लिहिली तरी कुठलं कुणाचं ते कळणार नाही. तिथे प्रत्येक नाव त्या त्या मुलाच्या डोक्याशी दिसायला हवं, आणि मूल पुढे आलं, मागे गेलं, वाकलं, वळलं तरी नावानं त्याची पाठ सोडता कामा नये.

आता हिशेब बघा. आपल्याकडच्या व्हिडिओत एका सेकंदाला 25 चित्रं असतात. एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. आपल्या कॅसेटमध्ये लेझमाचा सगळे दिसतील असा शॉट 40 सेकंदांचा आहे. म्हणजे 1,000 फ्रेम. प्रत्येक फ्रेममध्ये चोवीस नावं जागेवर ठेवायची, तर 24,000 वेळा नाव उचलून ठेवायचं. पूर्वी हे खरंच हातानं करत. दर आठ-दहा फ्रेमनंतर एक खूण करायची आणि मधल्या फ्रेम यंत्राकडून भरून घ्यायच्या. आजही काही ठिकाणी तसंच करावं लागतं. पण बहुतेक काम संगणक करतो, आणि तो ते कसं करतो हे ऐकण्यासारखं आहे.

संगणकाला माणूस दिसत नाही. त्याला दिसतात ते ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचा उजळपणा सांगणारा 0 ते 255 मधला आकडा. मी त्याला पहिल्या फ्रेमवर एक छोटा चौकोन काढून देते. समजा एखाद्या मुलाच्या खिशावरच्या बिल्ल्याभोवती. त्याच्याबाहेर एक मोठा चौकोन काढते. लहान चौकोन म्हणजे ‘हे शोध’ आणि मोठा चौकोन म्हणजे ‘एवढ्या जागेत शोध’. पुढच्या फ्रेममध्ये तो मोठ्या चौकोनाच्या आत लहान चौकोनातल्या आकड्यांशी सगळ्यांत जास्त जुळणारी जागा शोधतो. मिळाली की तिथे खूण करतो आणि पुढच्या फ्रेमकडे जातो. मग त्या खुणांच्या मार्गाला मी नाव बांधते. बिल्ला चार ठिपके उजवीकडे गेला की नावही चार ठिपके उजवीकडे जातं.

मोठा चौकोन फार मोठा केला तर काम हळू होतं आणि चुकीचं काहीतरी सापडण्याची शक्यता वाढते. फार लहान केला तर जोरात हललेला बिल्ला चौकोनाबाहेर निघून जातो. हा अंदाज हातालाच येतो.

कुठल्याही जागेचा माग निघत नाही, हेही खरं. एक प्रयोग सांगते, विज्ञानाच्या तासाला चालला असता. एका कागदाला पेन्सिलीनं भोक पाडा. त्या भोकातून फुटपट्टीची फक्त सरळ कडा दिसेल असा कागद तिच्यावर धरा. आता शेजारच्याला फुटपट्टी तिच्या लांबीच्या दिशेनं सरकवायला सांगा. तुम्हाला ती हललेली कळणारच नाही, कारण कडेचा प्रत्येक भाग दुसऱ्या भागासारखाच दिसतो. पट्टी आडवी हलवली तरच कळेल. आणि भोकातून पट्टीचा कोपरा दिसत असेल, तर कुठल्याही दिशेची हालचाल लगेच कळेल. संगणकाची अडचण अगदी हीच असते. कोऱ्या पांढऱ्या शर्टवर चौकोन काढला तर त्याला धरायला काहीच नाही. बाहीच्या सरळ कडेवर काढला तर तो कडेवरून घसरत जातो. शर्टाच्या कॉलरचं टोक, बिल्ला, कपाळावरची टिकली, रिबिनीची गाठ, अशा जागा तो पक्क्या धरतो.

यामागचं गणित जुनं आहे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले ब्रूस लुकास आणि ताकेओ कानाडे यांनी 1981 मध्ये ते मांडलं. कानाडे म्हटल्यावर आपल्याकडचे कुणी कानडे वाटतील, पण ते जपानचे. त्यांचा मूळ विषय व्हिडिओवर नावं घालण्याचा नव्हता. दोन कॅमेऱ्यांनी घेतलेल्या एकाच दृश्याच्या दोन चित्रांतल्या सारख्या जागा जुळवणं, हा त्यांचा प्रश्न होता. सगळ्या जागा एकेक करून तपासत बसण्यापेक्षा उजळपणा कुठल्या दिशेला कसा बदलतोय ते पाहून थेट त्या दिशेला सरकायचं, अशी त्यांची युक्ती होती. पुढे 1994 मध्ये जियान्बो शी आणि कार्लो टोमासी यांनी माग काढायला कुठल्या जागा चांगल्या हे गणितानं ठरवून दिलं. आपल्या फुटपट्टीचा कोपरा त्यांच्या गणितात पास होतो, कडा नापास होते. आज फोनमधल्या साध्या ॲपपासून सिनेमाच्या सॉफ्टवेअरपर्यंत याच विचाराची वंशावळ सापडते.

आमचे भूमितीचे सर समोर बसलेत, म्हणून थोडी भूमिती. एका बिंदूचा माग काढला तर वस्तू कुठे गेली एवढंच कळतं. दोन बिंदूंचा काढला तर त्यांच्यातलं अंतर वाढलं की घटलं यावरून वस्तू जवळ आली की लांब गेली ते कळतं, आणि त्यांना जोडणारी रेघ किती अंशांतून फिरली यावरून वस्तू किती कलली ते कळतं. आणि चार बिंदूंचा माग काढला तर सपाट वस्तू तिरकी कशी दिसते तेही कळतं. वर्गाच्या दारातून फळ्याकडे बघा. आयत असलेला फळा तिथून आयत दिसत नाही, जवळची बाजू उंच आणि लांबची आखूड दिसते. त्याचे चार कोपरे धरले, प्रत्येकाचे दोन-दोन आकडे म्हणजे एकूण आठ आकडे हाती आले, की कोऱ्या फळ्यावर मला हवं ते लिहिता येतं. कॅमेरा दारातून आत येत असला तरी ते अक्षर खडूनं तिथेच लिहिल्यासारखं दिसतं. सर, तुम्ही ‘याचा उपयोग पुढे कळेल’ म्हणायचात. माझ्या बाबतीत तो कळलाय.

चार कोपरे नेहमी दिसतातच असं नाही. मधून कुणी जातं, एखादा कोपरा चौकटीबाहेर राहतो. म्हणून कोपऱ्यांऐवजी अख्ख्या पृष्ठभागाच्या पोताचा माग काढणारी सॉफ्टवेअरं आली. त्यांतलं मोचा हे इंग्लंडमधल्या इमॅजिनियर सिस्टीम्स या कंपनीनं केलेलं. त्याला 2013 मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं विज्ञान-तंत्रज्ञान विभागातला पुरस्कार दिला.

याच्या पुढची पायरी म्हणजे वस्तूऐवजी कॅमेऱ्याचाच माग काढणं. धावत्या एसटीच्या खिडकीतून जवळची झाडं भराभर मागे पळतात आणि लांबचा डोंगर जागचा हलत नाही. चित्रातले शेकडो बिंदू कुठले किती पळतात हे पाहून कॅमेरा कुठे होता आणि कसा फिरला ते काढता येतं. ते कळलं की अक्षरं त्या जागेत खरोखर उभी करता येतात. डेव्हिड फिंचर यांच्या ‘पॅनिक रूम’ या 2002 च्या सिनेमाची नामावली बघा. न्यूयॉर्कच्या इमारतींच्या शेजारी प्रचंड मोठी अक्षरं हवेत उभी आहेत. त्यांच्यावर इमारतींवर पडतो तसाच उजेड पडलाय.

चित्रातून काहीही न शोधता हेच काम करण्याची दुसरीही रीत आहे. अमेरिकन फुटबॉलच्या थेट प्रक्षेपणात 27 सप्टेंबर 1998 ला मैदानावर पहिल्यांदा एक पिवळी रेघ दिसली. ती मैदानावर नव्हतीच. कॅमेरे किती वळले, किती झुकले, किती झूम झाले हे त्यांना बसवलेली यंत्रं मोजून सांगत होती आणि त्या आकड्यांवरून रेघ काढली जात होती. खेळाडू रेघेवर आला की रेघ त्याच्या पायाखाली गेल्यासारखी दिसायची, कारण हिरवळीचा रंग जिथे असेल तिथेच ती काढायची असं ठरवलं होतं. आपल्या कॅसेटच्या कॅमेऱ्याला असं काही बसवलेलं नव्हतं. तो चित्रीकरण करणाऱ्या दादांच्या खांद्यावर होता आणि दादा मधूनमधून स्टुलावर चढत होते. त्यामुळे आपल्याला चित्रातूनच माग काढावा लागणार.

एवढं ऐकून वाटेल की यंत्र हुशार आहे, मग अडचण कुठे आहे? अडचण आपल्या गणवेशात आहे.

लेझमात चोवीस जण. सगळ्यांचे पांढरे शर्ट, सगळ्यांच्या खिशावर तोच बिल्ला, मुलींच्या दोन वेण्या, त्यांना सारख्याच रिबिनी. तिसऱ्या रांगेतला मुलगा पुढच्या रांगेतल्या मुलाच्या मागे अर्धा सेकंद जातो. अर्धा सेकंद म्हणजे बारा-तेरा फ्रेम. संगणक त्याचा बिल्ला शोधतोय. तो दिसत नाही, पण शेजारी तसाच दुसरा बिल्ला आहे आणि आकडे झकास जुळतात. तो तिथे उडी मारतो. नावही उडी मारतं. पुढे तो मुलगा बाहेर येतो तेव्हा त्याचं नाव दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसलेलं असतं आणि संगणक समाधानानं काम संपल्याचं सांगतो.

सॉफ्टवेअर आपल्याला किती खात्री आहे ते टक्क्यांत दाखवतं. ती टक्केवारी फार उपयोगी असते. ती घसरली की मी थांबते, मागे जाते, हातानं दुरुस्त करते. पण ती टक्केवारी सारखेपणाची असते, ओळखीची नसते. आधीचा चौकोन आणि आताचा चौकोन किती जुळतात, एवढंच ती सांगते. चौकोन कुणाचा आहे, ते तिला माहीत नाही. एकाच कारखान्यातले दोन बिल्ले 98 टक्के जुळतील आणि माणूस मात्र वेगळा असेल.

दुसरी अडचण अशी. शोधताना पहिल्या फ्रेममधलं रूपच शेवटपर्यंत धरून ठेवायचं, की दर फ्रेमला नवं रूप मान्य करायचं? पहिलं रूप धरून ठेवलं तर मूल जरासं वळताच संगणकाला ते ओळखू येत नाही. दर वेळी नवं रूप मान्य केलं तर तो चुकतो बारीकच, अर्ध्या ठिपक्याएवढा, पण ती चूक पुढच्या फ्रेमला मिळते, तिच्यात आणखी थोडी भर पडते, आणि शंभर फ्रेमनंतर नाव खांद्यावरून शेजारच्याच्या कानापाशी पोचलेलं असतं. काल संध्याकाळी गेटपाशी आपण एकमेकांना ओळखत उभे होतो, तेव्हा आपल्या सगळ्यांची हीच पंचाईत झाली होती. कुणी दहावीतला चेहरा घेऊन आलं होतं आणि समोरचं टक्कल बघून अडकलं होतं. त्यावर उपाय तोच जो मी करते. जुनं रूप अजिबात सोडायचं नाही, थोड्या थोड्या अंतरानं ते पुन्हा समोर ठेवून ताडून बघायचं.

आपल्या कॅसेटच्या आणखी काही खोडी आहेत. व्हीएचएसच्या काळात प्रत्येक फ्रेम दोन अर्धुकांत नोंदली जायची. आधी एकाआड एक ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या. त्यामुळे जोरात हललेल्या हाताच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात. माग काढण्याआधी ते दात काढून टाकावे लागतात. मग चित्र स्थिर करायचं. हे माग काढण्याचंच उलटं काम. बिंदूमागे नाव हलवण्याऐवजी बिंदू जागच्या जागी राहील असं अख्खं चित्र हलवायचं. स्टेजच्या मागच्या पडद्यावर थर्मोकोलची अक्षरं लावली होती, त्यांचे कोपरे मला यासाठी फार उपयोगी पडणार आहेत. ज्यांनी रात्र जागून ती कापली, त्यांना कल्पनाही नसेल.

नाव बांधतानाही काही पथ्यं असतात. नावानं माणसाबरोबर सरकावं, पण त्याच्याबरोबर तिरकं होऊ नये, नाहीतर लेझमाच्या प्रत्येक वाकण्याला अक्षरं वाकतील आणि वाचता येणार नाहीत. म्हणून मी फक्त जागा घेते, कल घेत नाही. माग थोडा गुळगुळीत करून घेते, म्हणजे नाव थरथरत नाही. नाव चेहऱ्यावर येऊ नये म्हणून ते जरा वर ठेवून बारीक रेघेनं जोडते. आणि आपलं नाव देवनागरीत आहे हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. भारतीय लिपीचा पर्याय निवडला नाही तर काही ठिकाणी पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे येण्याऐवजी मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. ज्यांच्या नावात ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्री’ आहे त्यांना हे सांगायला नको. मराठीच्या बाईंनी शुद्धलेखनाचे जे गुण कापले, त्यांची आठवण ठेवून मी प्रत्येक नाव तीनदा वाचते.

आता जरा गंभीर गोष्ट. नाव दाखवायला जी रीत वापरतात, तीच ओळख लपवायलाही वापरतात. बातमीत एखाद्याचा चेहरा पुसट केलेला असतो, तो पुसट ठिपकाही असाच चेहऱ्याला बांधलेला असतो. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडित व्यक्तीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेचं कलम 228 अ होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 72 आहे. लहान मुलांसाठी पॉक्सो कायदा, 2012 चं कलम 23 आहे. त्यात माध्यमांनी मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शेजार, इतकंच नव्हे तर शाळाही उघड करू नये असं म्हटलंय. म्हणजे चेहरा झाकला आणि खिशावरचा बिल्ला दिसला, तरी ओळख उघडी पडली.

आणि इथे हजार फ्रेमपैकी नऊशे नव्व्याण्णव बरोबर असून भागत नाही. मुलीनं झटकन मान वळवली, माग सुटला, एका फ्रेमपुरता चेहरा मोकळा राहिला, तर तो सेकंदाचा पंचविसावा भाग. टीव्हीवर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण आज प्रत्येकाच्या हातात फोन आहे. व्हिडिओ थांबवता येतो आणि त्या एका फ्रेमचा फोटो काढून गावभर पाठवता येतो. म्हणून असं काम हाती आलं की मी ते वेगात बघत नाही. एकेक फ्रेम पुढे नेत बघते. शक्य असेल तर तो शॉटच काढून टाकायला सांगते आणि पाठमोरा घ्यायला लावते. नवीन सॉफ्टवेअर माणसाची अख्खी आकृती ओळखतं, ती कुणाच्या मागे जाऊन बाहेर आली तरी बऱ्याचदा पुन्हा पकडते. माझं काम त्यामुळे खूप हलकं झालंय. पण ‘बऱ्याचदा’ या शब्दावर कुणाच्या लेकीला सोपवता येत नाही. शेवटची नजर माणसाचीच लागते.

हे सगळं आता आपल्या कॅसेटला लावून बघू. यंत्र माग काढेल. मी तो तपासेन, सुटला तिथे हातानं जोडेन. पण पहिल्या फ्रेमवर कुठल्या मुलाला कुठलं नाव द्यायचं, हे दोघांनाही ठरवता येत नाही. चोवीसपैकी सतरा जण मी ओळखले. उरलेल्या सात जणांना मी ओळखलेलं नाही, आणि अंदाजानं नाव घालायची माझी तयारी नाही. एकदा पडद्यावर नाव चिकटलं की ते खरं मानलं जातं. पंचवीस वर्षांनी कुणाची नात ही फिल्म बघेल आणि ‘ही माझी आजी’ म्हणून भलत्याच मुलीकडे बोट दाखवेल.

म्हणून माझ्या पाच विनंत्या आहेत.

पहिली. हॉलच्या मागच्या टेबलावर कॅसेटमधल्या काही फ्रेम मोठ्या करून छापून ठेवल्यात. प्रत्येक चेहऱ्याला आकडा दिलाय. शेजारच्या कागदावर त्या आकड्यापुढे नाव लिहा आणि खाली स्वतःचं नाव लिहा. निदान दोघांनी वेगवेगळं येऊन तेच नाव लिहिलं, तरच मी ते पक्कं धरणार. एकमेकांचं बघून लिहू नका. परीक्षेत जे केलं ते इथे नको.

दुसरी विनंती मैत्रिणींना. आपल्यातल्या बहुतेक जणींचं आडनाव बदललं, काहींचं तर पहिलं नावही सासरी बदललं. फिल्ममध्ये मी हजेरीपटावरचं, शाळेतलं नाव घालणार आहे, कारण लेझीम त्या नावाची मुलगी खेळत होती. आताचं नावही खाली हवं असेल तर तसं लिहा. तो निर्णय जिचा तिनं करायचा. नवऱ्यानं येऊन लिहून जाऊ नये.

तिसरी. ज्यांना आपलं नाव नको असेल, किंवा चेहराच दिसायला नको असेल, त्यांनी मला बाजूला सांगा. कारण विचारणार नाही. जे आज आले नाहीत त्यांच्याशी संपर्क असेल तर त्यांनाही विचारून सांगा. फिल्म शाळेला देताना ती इंटरनेटवर टाकू नये असंही लिहून देऊ या, कारण चित्रातली सगळी मुलं तेव्हा लहान होती आणि त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं.

चौथी. आपल्यातले चौघे आता नाहीत. त्यांच्या नावापुढे काही चिन्ह किंवा ‘कै.’ घालावं का, असं एकानं विचारलं. मला वाटतं घालू नये. त्या चाळीस सेकंदांत ते आपल्यासारखेच घामाघूम होऊन लेझीम खेळताहेत. त्यांचं नाव इतरांच्या नावांसारखंच त्यांच्याबरोबर नाचत राहू दे. पण त्यांच्या घरच्यांना विचारून मगच नक्की करू.

पाचवी विनंती सर आणि बाईंना. लेझीम संपताना कॅमेरा स्टेजवरून उजवीकडे वळतो आणि तीन सेकंद कनातीपाशी एक माणूस दिसतो. खाकी कपडे, हातात पाण्याचा जग. ते आपले शिपाई मामा. शाळेची घंटा त्यांच्या हातात होती. गॅदरिंगच्या खुर्च्या त्यांनी मांडल्या, उचलल्या. मी ग्रुपवर विचारलं, मामांचं पूर्ण नाव काय? ऐंशी जणांच्या ग्रुपमध्ये एकालाही सांगता आलं नाही. आपण त्यांना कायम मामाच म्हणत आलो. तीन सेकंद म्हणजे 75 फ्रेम. मामा जागचे हलत नाहीत, मागे पांढरी कनात आहे, टोपीचं टोक स्पष्ट दिसतं. सगळ्या कॅसेटमध्ये माग काढायला इतकी सोपी जागा दुसरी नाही. फक्त बांधायला नाव नाही. ऑफिसातल्या जुन्या मस्टरवर ते नक्की असेल. तुमच्यापैकी कुणी ते काढून दिलंत, तर चित्रपटात पहिलं नाव मी तेच बांधीन.

ज्यांची नावं मिळणार नाहीत त्यांच्या डोक्यावर मी ‘नाव शोधत आहोत’ असं लिहिणार आहे. तेही त्यांच्याबरोबर हलेल. पुढच्या मेळाव्याला कुणी ओळखलं तर बदलता येईल, फाइल जपून ठेवते.

कागद टेबलावर उद्या दुपारच्या जेवणापर्यंत आहेत, पेनं दोऱ्यानं बांधून ठेवलीत. चष्मे आपापले आणा.